अपेक्षेचे येणे

संत्र्याचा बगीचा फळ झाडावर असतानाच विकला जातो, हे पांढुर्णा-सौंसर भागात कोणाला सांगायला नको. व्यापारी बहार पाहतो, विसार देतो, आणि पुढे गारपीट झाली की दोघेही त्या दिवशीच्या बोलीचे शब्द आठवू लागतात. पण तेथे निदान दोन पक्ष असतात, बोली झालेली असते. चित्रपटगृहाच्या दारात आपण जी अपेक्षा घेऊन उभे राहतो, तिचा सौदा कोणाशी झालेला असतो? निराशा पदरी आली म्हणजे आपण फसवले गेल्यासारखे बोलतो. त्या बोलण्यात न्याय कितपत असतो, हा प्रश्न आम्हांला दोन मराठी चित्रपटांनी घातला.

'कट्यार काळजात घुसली' नोव्हेंबर २०१५ मध्ये आला आणि 'नटसम्राट' १ जानेवारी २०१६ रोजी. दोन्ही आम्ही नागपूरला जाऊन पाहिले. दोहोंच्या मागे गाजलेली नाटके उभी होती. पुरुषोत्तम दारव्हेकर तर नागपूरचेच. त्यांचे 'कट्यार' १९६७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा नागपूर आमची राजधानी राहिले नव्हते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तरी नाटकासाठी जायचे ते नागपूरलाच. वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणी, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्याजवळ ध्वनिमुद्रिका आणि त्या आठवणींच्या आठवणी, असा ऐवज आमच्या घरांत साचत गेला. चित्रपटाला आम्ही गेलो ते ही वडिलार्जित अपेक्षा घेऊन.

सुबोध भावे यांच्या चित्रपटात खाँसाहेबांना वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आवाज मिळाला. जितेंद्र अभिषेकी यांची पदे राहिली, त्यांत शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या गाण्यांची भर पडली. मात्र पद हळूहळू उलगडत जाण्याला रंगमंचावर जी सवड असे, ती पडद्यावर उरली नाही. हे येणे मागण्याचा आम्हांला हक्क आहे काय? नाटकाचे नाव घेतले की त्या नावाबरोबर काही देणेही अंगावर येते, असे आमचे मत आहे. गाण्यावरच्या नाटकाने गाण्याला सवड द्यावी, हे त्या देण्यात बसते. वसंतरावांनी पुन्हा उठून गावे, हे बसत नाही. परतताना आमच्यांतील बहुतेकांची तक्रार पहिल्या शब्दांत मांडली जात होती आणि तिचे मूळ दुसऱ्यात होते. खाँसाहेबांच्या उर्दूमिश्रित बोलण्याबद्दल मात्र कोणी कुरकुर केली नाही. घरात मराठी आणि बाजारात हिंदी अशा पिढ्या काढलेल्यांना ती सरमिसळ परकी वाटावी कशी!

'नटसम्राट'ला जाताना मनात आशेपेक्षा धास्ती अधिक होती. डॉ. श्रीराम लागू यांनी १९७० साली उभा केलेला बेलवलकर नाना पाटेकर यांच्या हाती आक्रस्ताळा होईल की काय, असे वाटत होते. काही ठिकाणी तो झालाही. पण विक्रम गोखले यांचा रामभाऊ, तो आजारी जुना मित्र, आणि त्याच्यासमोर तितकाच थकलेला दुसरा नट, यांची वाट आम्ही पाहिलीच नव्हती. न मागता जे हाती आले, ते वहीत कोठे मांडायचे? निराशेचा काटेकोर हिशेब ठेवणारे मन अशा लाभाची नोंदच करीत नाही. उणे निघाले तर ते दुसऱ्याचे देणे, अधिक निघाले तर ते आपले नशीब. अपेक्षेचा खरा दोष आम्हांला या पक्षपातात दिसतो.

विशेष हे की दोन्ही कथा याच प्रश्नाभोवती फिरतात. बेलवलकर सारे काही मुलांना वाटून देतो आणि त्यांनी आपल्याला मायेने सांभाळावे असे गृहीत धरतो. बोली झालेली नसते. तरीही त्याची अपेक्षा गैरवाजवी होती असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. आईबाप आणि मुले यांच्यातील देणे न बोलताच ठरलेले असते. सदाशिव पंडित भानुशंकरांकडे गाणे शिकायचे म्हणून येतो आणि त्यांच्या जागी खाँसाहेब बसलेले पाहतो. अपेक्षाभंग तो याहून पुरा काय असणार? मनात सूड धरूनही तो त्याच हवेलीत चोरून कान लावतो, आणि ज्याच्याकडून काही मिळावे असे कधी मनात आले नव्हते त्याची गायकी उचलतो. त्याने अपेक्षा सोडली असे आम्हांला वाटत नाही. गाणे त्याला हवेच होते. ते अमुक एका गळ्यातून यावे, एवढा हट्ट त्याने सोडला. बेलवलकराला ही वाट खुली नव्हती. बूटपॉलिश करणारा राजा त्याला जीव लावतो, पण ती माया लेकीच्या खात्यावर जमा होत नाही.

आमच्या घरांतील तरुणांनी 'कट्यार' प्रथम पाहिली ती पडद्यावर. पुढे एकदा त्यांना वसंतरावांचे जुने ध्वनिमुद्रण ऐकवले. बराच वेळ ती मुले शिस्तीने बसून राहिली, आणि मग त्यांच्यातल्या एकाने विचारले, "याला इतका वेळ का लागतो?" चित्रपटाने त्यांच्या हाती जे माप दिले होते, त्या मापाने वसंतराव लांबत होते. आम्ही ते पद पुन्हा पहिल्यापासून लावले.