तीनशेचे साडेचारशे

१९९९ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. माझ्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून घरीच संगणक जुळवला होता. पेटीचे झाकण काढून तो पडद्यावरील एका लहानशा आकड्याकडे टक लावून बसला होता. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी आईने बसावे तसा. तो आकडा प्रोसेसरच्या तापमानाचा होता. "मामा, तीनशेचा आणला आणि साडेचारशेने पळतोय!" त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद निखळ होता.

तो प्रोसेसर म्हणजे इंटेलने ऑगस्ट १९९८ मध्ये बाजारात आणलेला सेलेरॉन ३००ए. मदरबोर्डच्या ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला साडेचाराने गुणून त्याची ३०० ही गती ठरे. तोच ठोका १०० वर नेला की गती ४५० होई, आणि त्या गतीचा पेंटियम टू कित्येक पटींनी महाग होता. त्या काळी ह्या युक्तीची जगभर चर्चा झाली, ती उगीच नव्हे.

ह्यात लबाडी कोणाची, असा प्रश्न मला तेव्हा पडला. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अनेक प्रोसेसर एकदम घडतात. मग त्यांची परीक्षा घेऊन प्रत्येकावर गतीचा शिक्का मारला जातो. स्वस्त मालाला मागणी अधिक असली की चांगल्या प्रोसेसरवरही खालचा शिक्का पडतो. भाच्याचे म्हणणे असे की, ज्याच्या अंगी साडेचारशेची धाव आहे त्याला तीनशेवर बांधून ठेवणे हाच अन्याय! युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु शिक्का म्हणजे त्या वस्तूच्या कुवतीचे मोजमाप नव्हे. कोणत्याही घरात, कोणत्याही ऋतूत, वर्षानुवर्षे एवढे काम बिनचूक होईल, अशी ती जामीनकी असते. तीनशेच्या पुढचा जामीन आता माझा भाचा होता.

जामीन राहायचे तर पाहारा आला. गती वाढली की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. विजेचा दाब वाढवला तर मात्र ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २ व्होल्टचे २.२ केले आणि गती दीडपट केली, तर उष्णता सुमारे १.८ पट होते. पंखा कितीही मोठा लावा, खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड होणार नाही. आणि आमच्या वसईच्या मे महिन्यातली हवा कशी असते ते वाचकांना सांगायला नको. म्हणून त्या आकड्याकडे पाहत बसणे. आकडा खाली असला की मन निर्धास्त.

हे निर्धास्तपणच मला खटकत राहिले. प्रोसेसरमध्ये एक ठोका पडण्यापूर्वी आतल्या विद्युतसंकेतांनी आपापल्या जागी पोहोचावे लागते. ठोके घाईने पडू लागले की एखादा संकेत वाटेतच राहतो आणि शून्याच्या जागी एक वाचला जातो. तापमान वाढल्याने हा धोका वाढतो हे खरे, पण थंड प्रोसेसरही असा चुकू शकतो. तापमापक जळण्याची भीती दाखवतो; खोटे बोलण्याची नाही. त्यासाठी प्राइम ९५ सारखा प्रोग्राम तासन्‌तास अवघड गणिते करायला लावून ठरलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो. म्हणजे चूक सापडते ती उत्तर आधीच ठाऊक असते तिथे. ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही, त्या हिशेबाचे काय?

मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन ह्यांनी २००५ मध्ये लिहिलेला अनुभव पुढे माझ्या वाचनात आला. बंद पडलेल्या संगणकांच्या अहवालांत, जी चूक होणे अशक्य अशा साध्या सूचनांवरच यंत्र अडखळलेले दिसे. शोध घेता अनेक ठिकाणी गती वाढवलेली निघाली, आणि काही ग्राहकांना तर दुकानदाराने तसे करून दिले आहे ह्याचा पत्ताही नव्हता. मला ते वाचून धक्का बसला नाही. आमच्या घरी हेच घडले होते.

भाच्याने पुढच्या वर्षी नवे यंत्र घेतले आणि हे जुने आपल्या मावशीला, माझ्या धाकट्या बहिणीला, बचत गटाच्या हिशेबासाठी दिले. साडेचारशेवरच ठेवून, प्रेमाने. मावशीचे काम लवकर उरकावे म्हणून. तिला काही सांगितले नाही. सहा महिन्यांनी एका बाईच्या व्याजात फरक निघाला. चूक यंत्राची, की आकडे घालणाऱ्या हाताची, ते कधीच उलगडले नाही. बहिणीने ती आपली मानली आणि चारचौघींत माफी मागून पदरचे पैसे भरले.

त्या रात्री मी भाच्याला एवढेच विचारले, "स्वतःच्या यंत्रावर तू पाहारा ठेवत होतास. तिच्या यंत्रावर कोण ठेवणार होते?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने गती पुन्हा तीनशेवर आणली आणि मावशीला सारे सांगितले. तिला ठोके आणि व्होल्ट किती कळले कोण जाणे. तिने वहीतला जुना हिशेब काढला आणि जानेवारीपासूनची प्रत्येक बेरीज हाताने पुन्हा करायला बसली. भाचा तिच्याशेजारी बसून आकडे वाचून दाखवत होता.