रुग्ण रोज येतो



विल्हेम राँटजेन यांनी १८९५ साली व्युर्त्सबुर्गमध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. आज जर्मनीत एक्स-रे, सीटी करणाऱ्या तंत्रज्ञांना किरणोत्सर्ग संरक्षणाचे ज्ञान दर ५ वर्षांनी अद्ययावत करावे लागते. तसा कायदाच आहे. पण प्रमाणपत्र मिळाले म्हणजे शीलपालन झाले का?

किरण डोळ्यांना दिसत नाहीत. मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तरी रुग्णाला कळत नाही. तो तक्रार करणार कशी? अशा ठिकाणी अहिंसेला नुसता चांगला हेतू पुरत नाही, ज्ञान लागते. अभ्यासक्रम ५ वर्षांतून एकदा येतो, रुग्ण रोज येतो. मधले अंतर भरून काढतो तो अप्पमाद, तथागतांचा अखेरचा उपदेश.

तुमच्या कामातही कुणीतरी तुमच्यावर असाच डोळे झाकून विश्वास टाकलेला असतो. त्याच्यासाठी शिकत राहा.