किती पानं उठली?

लग्न पार पडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो. आपल्याकडे विचारतात, "किती पानं उठली?" इकडे कतारगामात विचारतात, "केटला माणस थया?" भाषा वेगळी, हिशेब तोच. हजार म्हटलं की भुवया उंचावतात, चारशे म्हटलं की समोरची बाई "असू दे, छान झालं ना" म्हणून समजूत घालते. जणू काही बिघडलंच होतं.

रिसेप्शन म्हटलं की यजमानाला दोन गोष्टी हव्या असतात. लोक भरपूर यावेत, आणि आलेल्यांना मजा यावी. यात गैर काहीच नाही. मुलीच्या आनंदात चार माणसं हसली-खेळली तर त्याने कुठला धर्म बुडत नाही. पण जैन घरात याला तिसरी गोष्ट जोडली जाते, आणि वादाची सुरुवात तिथूनच होते. जेवण किती वाजता?

हा वाद मी इतक्या घरांत ऐकला आहे की दोन्ही बाजू पाठ झाल्या आहेत. आजी म्हणतात, "माझ्या नातीच्या लग्नात रात्री पंगत? मग आयुष्यभर चौविहार केला तो कशाला?" मुलगा म्हणतो, "आजी, सहा वाजता कोण येणार? कारखाने सुटायच्या आत जेवण उरकलं तर हॉलमध्ये आपणच आपल्याला वाढायचं." वरवर पाहिलं तर एक बाजू धर्माची आणि दुसरी व्यवहाराची. मला मात्र दोन्ही बाजू धर्माच्याच वाटतात, म्हणून तर हा प्रश्न सोपा नाही.

आजींची बाजू आपल्याला ठाऊक आहे. अंधारात बारीक जीव दिसत नाहीत, ते अन्नात पडतात, दिव्याभोवती मरतात. म्हणून सूर्यास्ताच्या आत जेवायचं, आणि नीट पाळणारे तर सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, तोंड बंद करतात. नातवाच्या बाजूलाही एक व्रत उभं आहे, फक्त त्याला ते माहीत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतलं शेवटचं व्रत अतिथिसंविभाग. आपल्या घासातला वाटा येणाऱ्याला द्यायचा. आणि ज्याला येताच येणार नाही अशा वेळी पंगत मांडायची, तर वाटा कुणाला दिला?

कतारगामात हा पेच जास्त बोचतो. सुरतेचा हा भाग हिऱ्यांचा. गल्लीगल्लीत कारखाने, एकेका घंटीभोवती बसलेले रत्नकलाकार, आणि त्यांतल्या बहुतेकांची मजुरी नगावर. जितके हिरे घासाल तितके पैसे. अशा माणसाला संध्याकाळी पाचचं आमंत्रण देणं म्हणजे, "अर्ध्या दिवसाची मजुरी सोड आणि आमच्याकडे जेवायला ये" असं सांगणं. त्यातून आपला लग्नाचा हंगाम नेमका थंडीतला. चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेला संपतो. त्या दिवशी शत्रुंजयाची यात्रा सुरू होते, आपल्या कतारगामच्या आदिनाथ मंदिरात दर्शनाला गर्दी होते, आणि मग लग्नं निघतात. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे सूर्य सहाच्या आतच मावळतो. म्हणजे वर्षातले सगळ्यात छोटे दिवस आणि सगळ्यात मोठ्या पंगती एकाच वेळी येतात.

यावर लोकांनी एक तोड काढली आहे. पत्रिकेत "चौविहाराची व्यवस्था आहे" असं छापायचं. साडेपाचला हॉलच्या एका कोपऱ्यात दोन टेबलं लागतात. खुर्च्यांवर अजून कव्हरं चढवायची असतात, फुलवाले शिडीवर असतात, नवरानवरी ब्यूटी पार्लरमध्ये. आठ-दहा म्हातारी माणसं गुपचूप जेवून घेतात आणि घरी जातात. खरं रिसेप्शन सुरू होतं आठला, चालतं अकरापर्यंत.

या तोडीचं मला वाईट वाटतं, आणि दोन्ही अंगांनी वाटतं. आपल्या शास्त्रात करणं, करवणं आणि अनुमोदन देणं हे तिन्ही मोजले जातात. मी साडेपाचला जेवले आणि रात्री दहाला माझ्याच पैशांनी तंदूर पेटवला, तर पहिल्या खात्यात मी वाचले, दुसऱ्या-तिसऱ्या खात्यांचं काय? आणि पाहुणचाराच्या अंगाने पाहिलं, तर ज्या आजीच्या आशीर्वादासाठी नवरी वाकणार, तीच आजी नवरीला न बघता घरी गेली. व्रत पाळायला तिला कोपरा दिला, पण लग्नातली तिची जागा काढून घेतली.

मग करायचं काय? मला वाटतं, उत्तराचं पहिलं टोक कॅलेंडरात सापडतं. लग्नाला मुहूर्त लागतो, रिसेप्शनला लागत नाही. इतकी साधी गोष्ट आपण विसरतो, आणि लग्नाच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रात्री हॉल धरतो, मग तो मंगळवार असो की गुरुवार. बहुतेक कारखाने रविवारी बंद असतात. रविवारी अकरा ते पाच पंगत ठेवली तर आजी आणि कारागीर एकाच टेबलावर बसू शकतात.

रविवार तरी कोणता, हेही बघायला हवं. दिवाळीला हिऱ्याचे कारखाने बंद होतात ते चांगले काही आठवडे. कारागीर बायकामुलांना घेऊन सौराष्ट्रात गावी जातात. त्या दिवसांत कतारगामात रिसेप्शन ठेवून "हिऱ्यातलं कुणी आलं नाही" म्हणणाऱ्याने आधी गावाकडच्या बस बघाव्यात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुरता, त्यात इकडे शुभकार्य करत नाहीत. पण संक्रांतीनंतरचे रविवार मोकळे. फेब्रुवारी लागेपर्यंत सूर्यास्त साडेसहापर्यंत सरकतो. लग्न डिसेंबरात झालं आणि रिसेप्शन माघात झालं तर बिघडतं कुठे? कॅटरर, हॉल, मेंदीवाली सगळ्यांच्या तारखा बघणारे आपण पाहुण्याच्या सुट्टीची तारीख का बघत नाही?

यावर तरुण मुली म्हणतात, "दिवसा मजा नाही येत काकी. लाइटिंग नाही, फोटो उठत नाहीत." यावर मी त्यांना २०२० ची थंडी आठवायला सांगते. त्या वर्षी मे महिन्यात लग्नाला ५० च माणसांची परवानगी होती. नोव्हेंबरात गुजरात सरकारने ती १०० वर आणली आणि सुरतेत रात्री नऊपासून संचारबंदी लागली. त्या हंगामात सुरतेच्या पंगती उजेडात आल्या. महाराजसाहेबांच्या इतक्या वर्षांच्या व्याख्यानांनी जे झालं नाही, ते पोलिसांच्या शिट्टीने झालं. लग्नं तरी झालीच, नवरानवरीही हसल्याच.

पण त्याला व्रत म्हणता येणार नाही. दुकान बंद होतं म्हणून न खाल्लेल्या मिठाईला त्याग म्हणत नाहीत. संचारबंदी उठली आणि पुढच्याच हंगामात दिवे परत लागले, हा त्याचा पुरावा. त्या दिवसांनी एक गोष्ट मात्र शिकवली होती. ५० जणांची यादी करताना प्रत्येक घरात लोक तासन्‌तास बसले. आजारपणात डबा कुणी आणला होता? मुलीची फी भरायला उसने कुणी दिले होते? ज्यांची फक्त व्हिजिटिंग कार्डं आपल्याकडे होती ती नावं आपोआप गळली. ती यादी करताना आपल्याला बरोबर कळत होतं, आपली माणसं कोण. मग हजाराची यादी करतानाच ते का विसरतं?

मजेबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण ती काही हलकी गोष्ट नाही. मजा विकत आणली की पाहुणे प्रेक्षक होतात. अँकर माइकवर ओरडतो, "आवाज नाही आला!" आणि लोक प्लेट हातात धरून निमूट बघतात. इकडच्या लग्नांत बायका फटाणां म्हणतात. व्याह्यांची, विहिणींची, नवऱ्याच्या मावशीच्या चालीची गाण्यातून खेचाखेची. आपल्याकडे उखाणे, रुखवतावरून चिमटे. यात पैसा शून्य, आणि ऐंशी वर्षांची आत्याही यात तरबेज. जेवण सूर्यास्ताला थांबलं म्हणून गाणं थांबायला हवं असं कुठेही सांगितलेलं नाही. पाचला पान उचललं, मग गाणी, मग गरबा, रात्री नऊपर्यंत बसा की. पोट भरलेलं, हात मोकळे. हातात प्लेट नसलेला माणूसच टाळी वाजवू शकतो.

आणि जेवण. "सुरतचं जमण आणि काशीचं मरण" म्हणतात, तेव्हा सुरतेत राहून पानात हात आखडता घेतला तर नावं ठेवतील. पण हंगामात कतारगामची पापडी आलेली असते, जिच्या नावावर उंधियू विकला जातो. कंद, रताळी, बटाटे काढून कच्ची केळी घातलेला उंधियू, पुरी, एक गोड, कढी, भात. पन्नास काउंटरवर चमचा-चमचा चाखून टाकून देण्यापेक्षा हे पाच पदार्थ पोटभर वाढावेत. आपल्या भोजनशाळांत थाळी धुऊन पिणारी माणसं अजून आहेत. सगळे पाहुणे तसं करणार नाहीत हे मला कळतं. पण बसवून, विचारून वाढलं तर टाकणं आपोआप कमी होतं. आणि वाढपी मुलं, भांडी घासणाऱ्या बायका? रात्रीच्या रिसेप्शनमध्ये त्या बारा वाजता उरलंसुरलं खातात. त्यांचं पान दिवसाउजेडी मांडणं हाही संविभागच.

एक अडचण तरीही उरते, आणि ती मी लपवणार नाही. रविवारीही कुणाला सुट्टी नसते. रिक्षावाला असतो, दवाखान्यातली नर्स असते. ती सातला धावत आली तर? "बाई, जेवण बंद" असं दारात सांगायचं? यावर जाणकारांत मतभेद होतील. माझं मत असं, की व्रत माझं आहे, भूक तिची आहे. माझ्या व्रताची शिक्षा तिला नको. रात्री चूल पेटवू नये हे खरं. पण दिवसा केलेली सुखडी, खाखरे, ठेपले यांचे डबे भरून ठेवावेत, तिच्या हातात द्यावेत, पाणी विचारावं. ती ते कधी खाईल हे तिच्यावर सोडावं. यात अनुमोदनाचा दोष लागत असेल तर तो माझ्या खात्यावर लिहिला जावा. दारातून उपाशी परत पाठवलेल्या माणसाचा दोष मला त्याहून जड वाटतो.

शेवटी, न येणाऱ्यांबद्दल. गेली काही वर्षं हिऱ्यात मंदी आहे. किती कारागिरांची मजुरी घटली, किती जणांचं काम गेलं, ते कतारगामात राहणाऱ्याला सांगायला नको. अशा घरात पत्रिका आली की आधी आनंद होत नाही, हिशेब होतो. चांदलो किती लिहायचा? शेठच्या घरी एकशे एक लिहिले तर दिसायला कसं दिसेल? मुलीला घालायला काय? मग "बरं नव्हतं" असा निरोप जातो. आपण म्हणतो, "बोलावलं होतं, आले नाहीत." बोलावलं होतं हे खरं, पण येण्याची वाट मोकळी ठेवली होती का?

"आहेर आणू नये" ही ओळ महाराष्ट्रातल्या पत्रिकांवर वर्षानुवर्षं छापली जाते आणि तितक्याच वर्षांपासून तिच्याखाली पाकिटं घेतली जातात. ओळ छापायची तर वही घेऊन बसणारा माणूसही बसवू नये. पत्रिका घरातल्या बाईने स्वतः नेऊन द्यावी, आणि त्या घरच्या बाईला सांगावं, "बेन, सगळ्यांनी यायचं, रिकाम्या हाती यायचं, घरच्या कपड्यांत यायचं." असं तोंडाने म्हटलेलं वाक्य सोनेरी अक्षरांपेक्षा जास्त माणसं आणतं.

तेव्हा सख्यांनो, घरात लग्न निघालं की हॉल बघायला जायच्या आधी एक कागद घ्या. आपल्या माणसांची नावं लिहा, आणि प्रत्येक नावापुढे एवढंच लिहा: हिला यायला काय आड येईल? कुणापुढे "चौविहार" येईल, कुणापुढे "मजुरी बुडेल", कुणापुढे "चांदलो", कुणापुढे "गुडघे, जिना चढवत नाही". तो कागद समोर ठेवून मग तारीख, वेळ आणि हॉल ठरवा. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंच किती पानं उठली, तर आकडा जरूर सांगा. पण तुमची खरी मोजणी त्या कागदावर करा, किती नावांपुढची अडचण तुम्ही दूर केलीत.