हात मोकळे, चित्त गुंतलेले

मावळात लोहमार्ग आणि जुना पुणे-मुंबई महामार्ग बराच पल्ला शेजारी शेजारी चालतात. वडगाव आणि कामशेत यांच्या मधल्या कान्हे गावाजवळही दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. पण माणसाच्या अवधानाविषयी या दोन वाटांची समजूत मात्र अगदी उलटी आहे. लोकलच्या मोटरमनला डेडमॅन हँडल दाबून धरावे लागते. हात सुटला की ब्रेक लागतात. लांब पल्ल्याच्या गाडीत लोको पायलट आणि त्याचा सहायक समोरचा सिग्नल मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात. गाडी चालवताना मोबाइल बंद ठेवायचा असतो. इंटरलॉकिंग असलेले फाटक पडल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. शिवाय गेटमन स्टेशन मास्तरला ‘प्रायव्हेट नंबर’ सांगून फाटक बंद असल्याची हमी देतो आणि तो नंबर वहीत चढतो. अनुभवी, प्रामाणिक माणसाचेही लक्ष सुटते, हे रेल्वेने मान्य केले आहे आणि हा सारा खटाटोप त्यापायीच आहे. महामार्गावर मात्र कान्हे फाट्यावरून टाकव्याच्या कारखान्यांकडे वळणारा दुचाकीस्वार हेल्मेट आणि कानाच्या मध्ये फोन खोचून बोलत जातो, आणि त्यात काही वावगे आहे असे फारसे कुणाला वाटत नाही.

वाटणार तरी कसे? मोटार वाहन कायद्याच्या 184व्या कलमात 2019 साली दुरुस्ती झाली, तीत गुन्हा ठरला तो ‘हातात धरण्याच्या’ संपर्कसाधनाचा वापर. पहिल्या खेपेला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद. म्हणजे कायद्याने धोका हातात पाहिला. हेल्मेटमध्ये खोचलेला फोन हातात नाही, ब्लूटूथही नाही. पुरावा मात्र वेगळेच सांगतो. रेडेलमायर आणि टिब्शिरानी या कॅनडातल्या दोन संशोधकांनी 1997 साली 699 अपघातग्रस्त चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली. हात मोकळे ठेवणारा फोन अधिक सुरक्षित असल्याचे काही दिसले नाही. 2001 साली डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी प्रयोगशाळेत हेच तपासले. संभाषणात गुंतलेल्यांच्या नजरेतून सुटलेले सिग्नल दुपटीहून जास्त होते, मग फोन हातात असो वा नसो. रेडिओ ऐकणाऱ्यांना तसा फटका बसला नाही. म्हणजे दोष कानावर पडणाऱ्या आवाजाचाही नाही. उत्तर जुळवण्याचे, समोरच्याचा रोख ओळखण्याचे काम चित्त अडवून ठेवते.

असे का होते, याचा एक धागा त्याहून जुना आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ वेलफर्ड यांनी 1952 साली मांडले, की निर्णय घेण्याची वाट अरुंद असते आणि तिच्यातून एका वेळी एकच निर्णय जातो. दोन खुणा लागोपाठ दिल्या की दुसरीचे उत्तर उशिरा येते, हे पुढेही अनेक प्रयोगांत दिसले. उशीर सेकंदाच्या अंशाचा. पण ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी पाव सेकंदात चार मीटर पुढे गेलेली असते.

यावर आपल्याकडचा हमखास आक्षेप घरातल्या बाईचे उदाहरण देतो: एका शेगडीवर वरण, दुसरीवर भाजी, मांडीवर मूल, शिवाय दाराशी आलेल्याशी बोलणे. कौतुक रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा. सरावाने अंगवळणी पडलेली कामे निर्णय मागत नाहीत, आणि वरण दोन मिनिटे थांबू शकते. (थांबून जळले तर बोल कुणाला लागतो, हा प्रश्न मानसशास्त्राचा नाही, पण विचारायला हवा.) शतावधानी पंडितही पृच्छकांना एकेक करून उत्तरे देतो, अचाट असते ती स्मरणशक्ती. आडवा येणारा ट्रॅक्टर असा रांगेत थांबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मग मागे बसलेल्याशी बोलणेही बंद करायचे का? 2008 साली स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालकांचे फोनवरचे आणि शेजारी बसलेल्याशी होणारे संभाषण ताडून पाहिले. शेजारी बसलेला रस्ता पाहतो, गर्दी वाढली की गप्प बसतो, कधी ‘अरे, समोर बघ’ म्हणतो. नकळत तो सहायक लोको पायलटचे काम करतो. फोनवरच्या माणसाला फाटा दिसत नाही.

काहींना गाडी चालवणे आणि फोनवर बोलणे खरोखरच दोन्ही जमते, हेही मान्य करावे लागेल. 2010 साली तपासलेल्या 200 जणांत असे अडीच टक्के निघाले. पंचाईत अशी की 2013च्या अभ्यासात स्वतःच्या या कौशल्यावर ज्यांचा भरवसा दांडगा, त्यांची प्रत्यक्ष कामगिरी त्या भरवशाला साजेशी नव्हती. तेव्हा ‘मला जमते’ ही साक्ष धरता येत नाही.

म्हणूनच उपाय फक्त चालकाच्या शहाणपणावर सोडता येत नाही. रेल्वेने तो सोडलेला नाही. रस्त्यावर डेडमॅन हँडल बसवता येणार नाही, पण संभाषणाला दुसरे टोक असते. ‘कुठे आहेस?’ हा आपला फोनवरचा पहिला प्रश्न. ‘गाडीवर आहे’ असे उत्तर आल्यावरही पुढची दहा मिनिटे बोलत राहणारा साहेब, गिऱ्हाईक किंवा भाऊ त्या धोक्यात भागीदार असतो. कारखान्यांनी आणि घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांनी एवढा एक नियम करावा, की वाटेवरच्या माणसाला फोन लावायचा नाही आणि लागलाच तर लावणाऱ्याने तो तिथेच ठेवायचा. पहिल्या आठवड्यात काही निरोप उशिरा पोचतील.