भीतीचा गुणाकार

दूध मापाने घेता येते, कापड गजाने मोजता येते. पण माणसाच्या मनातली भीती कशाने मोजायची? 'समोरचा नाही म्हणाला तर?' ही भीती तर विशीतली मुले कुणाला दाखवीतही नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातील जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली तिचे मापच प्रसिद्ध केले, हे वाचून मला प्रथम हसू आले.

माप मोठे साधे आहे. कॉलेजातल्या मुलांपुढे अठरा प्रसंग ठेवायचे. वर्गातल्या कुणाकडे टिपणे मागायची आहेत, आईवडिलांना महत्त्वाच्या समारंभाला बोलवायचे आहे, असे नेहमीचेच. दर प्रसंगी दोन प्रश्न: विचारण्याची धास्ती किती, आणि होकार मिळेल ही आशा किती? दोहोंना एक ते सहा गुण. मग आशेचे गुण सातातून वजा करायचे आणि बाकीने धास्तीला गुणायचे. अठरा उत्तरांची सरासरी म्हणजे त्या मुलाचे माप.

मी पडलो शाळामास्तर. गणित दिसले की सोडवल्यावाचून राहवत नाही. एका संध्याकाळी गंमत म्हणून कॉलेजात जाणाऱ्या लेकीला त्यातले दोन प्रसंग घातले. टिपणे मागण्याची धास्ती तिने पाच सांगितली, आशा सहा. पाच एके पाच. दुसरा प्रसंग आईवडिलांना बोलावण्याचा. धास्ती पुन्हा पाचच. आशा मात्र दोन.

"आई येईल हो," ती हळूच म्हणाली, "मी तुमच्यापुरतं सांगितलं, बाबा."

पाच पाचे पंचवीस! वीस वर्षे पाढे शिकवतो आहे, पण पंचवीस हा आकडा एवढा मोठा कधी वाटला नव्हता.

मी तिला 'नाही' कधी म्हणालो, ते आठवू लागलो. एकही प्रसंग आठवेना. आठवले ते 'बघू'. गॅदरिंगला याल? बघू. वक्तृत्वस्पर्धेला? बघू, कादंबरीचे प्रकरण हातावेगळे झाले तर.

मुलांना नकार पचवता आला पाहिजे, हे मला मान्यच आहे. पण नकार मागणीला असतो. अव्हेर माणसाचा होतो. 'नाही' म्हणताना कारण द्यावे लागते. 'बघू'ला कारण लागत नाही; मग ताटकळलेले मूल स्वतःलाच कारण समजते. अशी धास्ती घेतलेल्याला समोरच्याच्या साध्या दुर्लक्षातही अव्हेर दिसतो, असे त्या दोघांनाही आढळले होते.

गुणाकारातला धास्तीचा आकडा लेकीचा. आशेचा मात्र माझ्या हातून लिहिला गेलेला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या कॉलेजात नाटक आहे. तिने मला विचारलेले नाही. या खेपेला मीच विचारणार आहे, "मी आलो तर चालेल?"

ठरवले खरे, पण तेव्हापासून छातीत धडधडते आहे. ती 'बघू' म्हणाली तर?