साखळीत न बसलेला माणूस

आमचं गाव दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर हुतूतू खेळायचं म्हणजे आधी भेगा बुजवायच्या, नदीची रेती आणून पसरायची, मगच चुन्याच्या रेघा मारायच्या. रेतीसाठी गाडी आमच्या घरची, बैल आमचे आणि गाडी हाकणारा सालदारही आमचाच. तोच आमच्या संघाचा डावा कोपरा होता.

त्याला सारे 'सांडशी' म्हणत. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा त्याच्या हातात सापडला की चुलीवरचं पातेलं सांडशीत धरल्यासारखा. सुटायची सोय नाही. आता चढाईला तीस सेकंद मोजतात, आमच्याकडे दम हेच घड्याळ होतं. त्याच्या हाती लागलेल्या गड्याचा दम मध्यरेषेच्या कितीतरी अलीकडे संपायचा. वयानं तो माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. पण मी त्याला 'तू' म्हणायचो आणि तो मला 'तुम्ही'. मी मालकाचा पोरगा होतो, आणि संघाचा कप्तानही.

तेव्हा आमच्या बचावाला रीत अशी नव्हतीच. सात जण उभे राहायचे आणि ज्याच्या अंगावर गडी आला त्यानं धरायचा. खरं सांगायचं तर धरणारे दोघंच, मी आणि सांडशी. बाकीचे पाच जण शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीसारखे नुसते उभे. त्यात शिंप्याचा पोरगा होता, चक्कीवाल्याचा होता, एक तर गडी जवळ आला की डोळेच मिटायचा. समोरच्या संघालाही ते ठाऊक असायचं. आम्हा दोघांना आधी शिवून बाहेर काढायचं, मग पाचांवर लोण चढायला किती वेळ लागतो?

1985 च्या पावसाळ्यात शाळेत नवे सर आले. ते अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. 1914 साली निघालेलं हे मंडळ, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकानं तिथं कबड्डी खेळून दाखवली होती. आमच्यासाठी सर म्हणजे जणू बर्लिनहूनच आलेले. त्यांनी आमचा एक सामना पाहिला आणि म्हणाले, "तुमचे दोन पैलवान आहेत आणि पाच प्रेक्षक. संघ कुठं आहे?"

दुसऱ्या दिवसापासून साखळी सुरू झाली. डाव्या बाजूला दोघं, मधे तिघं, उजवीकडे दोघं. हातात हात. एकट्यानं झेप घ्यायची नाही. कोपऱ्यानं घोटा धरायचा तो जोडीदाराच्या हाताला दाब देऊनच. दाब आला की जोडीदारानं कमरेवर जायचं आणि मधल्या तिघांनी पुढून फिरून परतीची वाट बंद करायची. एक गडी बाद झाला की उरलेल्यांनी लगेच सरकून नवी बांधणी करायची, कोण कुणाचा हात धरणार हे आधीच ठरलेलं. बोलायचं नाही, हातानंच समजायचं. सर म्हणायचे, ही हाताची भाषा यायला चाळीस संध्याकाळी लागतात.

फुटबॉलमध्येही हाच वाद आहे, हे मला पुढं कळलं. 1982 च्या विश्वचषकात इटलीच्या जेंटिलेनं मॅराडोनाला सावलीसारखं चिकटून अडवलं. तो माणसामागं माणूस लावायचा खेळ. नंतर मिलान संघाचे प्रशिक्षक सॅकी यांनी खेळाडूंना माणसाऐवजी जागा राखायला आणि एका दोरीत बांधल्यासारखं पुढं-मागं सरकायला लावलं, आणि 1989 व 1990 साली युरोपियन चषक जिंकला. पहिल्या रीतीत एखाद्याचं कसब तारतं. दुसरीत कसब थोडं मागं ठेवावं लागतं, आणि साध्या माणसालाही किंमत येते.

ती किंमत मी डोळ्यांनी पाहिली. दिवाळीपर्यंत शिंप्याचा पोरगा कमरेची पकड करायला लागला. डोळे मिटणारा पोट्टा डोळे उघडे ठेवून मधल्या साखळीत फिरायला लागला. त्याच्या बापानं मला एकदा बाजारात थांबवून सांगितलं, "भाऊ, आमचा पोरगा आता घरातबी मान वर करून बोलते." म्हणून साखळी वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. तिनं पाच जणांना माणसात आणलं.

अडचण सांडशीची झाली. तो यायचा तेव्हा जोडीदाराचा हात झिडकारून घोट्यावर पडायचा. गडी सापडायचा, पण साखळी तुटायची, आणि जोडीदार तोंडावर आपटायचा. सर समजावून सांगायचे, तो मान हलवायचा आणि पुन्हा तेच करायचा. चार वेळा असं झाल्यावर मी सरांना म्हणालो, "सर, त्याले साखळी जमत नाही. त्याच्या अंगातच नाही ते."

सर थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जमत नाही, की येता येत नाही?"

मी काही बोललो नाही. सराव संध्याकाळी पाचला. त्या वेळी सांडशी आमचा कापूस घरी आणून टाकत असे, मग बैलांना पाणी, कडबा, आणि हरभरा डोळ्यात भरायला लागल्यापासून रात्रीची जागल. हरणं आणि रानडुकरं एका रात्रीत वावर साफ करतात. चाळीस संध्याकाळींपैकी तो आठ-दहा संध्याकाळी आला असेल. उरलेल्या तीस कुठं गेल्या हे मला ठाऊक होतं. त्या आमच्या वावरात गेल्या होत्या. बाबांना एक शब्द बोललो असतो, तर आठवड्यातले तीन दिवस तरी त्याला सुटता आलं असतं. बाबा काही दगडाचे नव्हते. पण घरच्या कामाचा विषय कोण काढणार? त्यापेक्षा 'त्याले जमत नाही' हे सोपं होतं.

शिवजयंतीचे सामने शेजारच्या गावात होते. अंतिम सामन्याच्या रात्री मी डाव्या कोपऱ्यात चक्कीवाल्याचा पोरगा लावला. सांडशी जागलीवर बदली माणूस ठेवून चार कोस चालत आला होता. पिशवीत चड्डी-बनियान. मी त्याला सांगितलं, "आज तू राहू दे." तो म्हणाला, "बरं बापू. मंग कपडे द्या सायचे, मी पाह्यतो." पूर्ण सामना तो आमचे शर्ट-पायजामे खांद्यावर टाकून रेघेबाहेर उभा होता. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. सगळे नाचले, तोही नाचला. मग गुलाल पुसून रात्रीच परत जागलीवर गेला, कारण बदली माणूस पहाटेपर्यंतच थांबणार होता.

गुढीपाडव्याला सालं ठरतात. त्या पाडव्याला त्यानं आमच्याकडचं साल सोडलं आणि अकोट बाजूला गेला. बाबा म्हणाले, "चांगला माणूस होता, काऊन गेला असंन?" मी गप्प राहिलो. गप्प राहायची ती दुसरी वेळ.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं की आपण जिंकलो, म्हणजे निर्णय बरोबर होता. पण हरलो असतो तर तोच निर्णय चुकीचा ठरला असता का? जिंकण्या-हरण्यानं डाव बरोबर की चूक हे फार तर कळतं. माणसाशी आपण बरोबर वागलो की नाही, हे त्यानं कळत नाही. नवी रीत आली की कुणाला तरी आपलं जुनं कसब थोडं सोडावं लागतं, हे मला मान्य आहे. संघासाठी ते मागायचा कप्तानाला हक्कही आहे. पण मागण्याआधी त्या माणसाला शिकायला वेळ मिळाला का, आणि नसेल तर तो कुणी खाल्ला, हे पाहणं त्याच कप्तानाचं काम. हे न पाहता 'तो बसत नाही' म्हणणं म्हणजे आपलं देणं त्याच्या खात्यावर लिहिणं. पुढं मी सोसायटीत पंच होतो, शाळेच्या समितीवर होतो. 'त्याले जमत नाही' हे वाक्य तिथंही कितीदा तरी ऐकलं. प्रत्येक वेळी मला ती पिशवी आठवली.

कबड्डीत संजीवनी नावाची रीत आहे. बाद झालेला गडी, आपल्या माणसांनी समोरचा एक बाद केला की परत आत येतो. सांडशीला आत घ्यायचं माझ्या हातात होतं. मी घेतलं नाही.

वीस-बावीस वर्षांनी तो मला मूर्तिजापूरच्या बाजारात भेटला. केस पिकलेले, बोटं सांध्यात वाकलेली. मी 'तुम्ही' म्हणालो, तर आधी त्यानं मागं वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलतोय असं समजून. चहा घेतला. कोण कुठं आहे, कोण गेलं, सगळं विचारलं त्यानं. चक्कीवाल्याच्या पोराचं तर दोनदा. शेवटी सरांची गोष्ट निघाली. बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, "सर लय चांगले होते, बापू. मले टाइम भेटला असता तं मीबी शिकलो असतो."

चहाचे पैसे त्यानंच दिले. मला देऊ दिले नाहीत.