आमच्यामागे कोण?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, गुरुचरित्राचा पाचवा अध्याय आपण पारायणात कितीदा वाचला असेल! पीठापूरच्या अप्पळराजा आणि सुमतीमातेच्या घरी श्रीपाद प्रभू अवतरले. त्यांच्या आधीचे दोन भाऊ, एक आंधळा, एक पांगळा. सोळाव्या वर्षी प्रभू घर सोडायला निघाले आणि माउलीचा धीर सुटला. हा एकच धडधाकट मुलगा. हाही गेला, तर आम्हाला आणि या दोघांना बघणार कोण?

मागे भाईंदरला एका सप्ताहात मी हाच अध्याय सांगितला. प्रभूंच्या कृपादृष्टीने दोघे भाऊ धड झाले, इथवर आलो आणि जयजयकार झाला. प्रसादाच्या वेळी सत्तरीच्या एक आजी जवळ आल्या. म्हणाल्या, "बुवा, माझा मुलगा चाळिशीचा आहे. सेरेब्रल पाल्सी, जन्मापासून अंग आखडलेलं. आंघोळ, घास, सगळं मीच करते. मी गेल्यावर त्याचं काय हो?"

आणि मी काय बोललो? "आजी, प्रारब्धाचे भोग! नामस्मरण करा."

त्यांनी प्रसादाची पुडी पदरात बांधली नि गेल्या. मला रात्रभर झोप लागली नाही.

पहाटे पुन्हा पोथी उघडली. प्रभूंनी आईला प्रारब्ध ऐकवलं नव्हतं. आणि भावांना नुसते डोळे-पायही दिले नाहीत. विद्या दिली, भरल्या संसाराचा आशीर्वाद दिला, आईवडिलांची सेवा सोपवली. आज यालाच आपण पुनर्वसन म्हणतो. घरची व्यवस्था लावली, मगच पाऊल बाहेर टाकलं.

डोळे-पाय देणं आपल्या हाती नाही. पण व्यवस्था लावणं आहे. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. अठरा वर्षं झाली की अशा मुलांनी संस्था सोडायची, ही रीत त्यांना मान्य नाही. बाप काय अठराव्या वर्षी संपतो? 2024 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सरकारी वाटाही आहेत, त्या माहीत हव्यात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व, बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. आपला जिल्हा ठाणे. हा अर्ज आईवडिलांनी आपले हातपाय चालताहेत तोवरच करावा. व्यायामोपचार नि साधनांसाठी हाजी अलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

आणि कागदापलीकडचं काम आपलं. मंदिराला पायऱ्यांशेजारी उतार आहे का? पंगतीत चाकाच्या खुर्चीला जागा आहे का? शेजारची माउली शेवटची कधी निवांत दर्शनाला आली, कुणी विचारलं?

दुसऱ्याच दिवशी मी त्या घरी गेलो, आजींची माफी मागितली. आता दर गुरुवारी संध्याकाळी दोन तास मी त्या मुलाजवळ बसतो. त्याला घास भरवायला मला त्यानेच शिकवलं. घाई केली की मान फिरवतो. आजी तेवढ्यात देवळात जाऊन येतात. पालकत्वाच्या अर्जाची कागदपत्रंही आम्ही जमवतोय.

मी एकटा पुरा पडणार नाही. या दत्तजयंतीला आपल्या इमारतीतलं असं एक घर शोधा, आणि एक वार आपल्या नावावर घ्या.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!